गर्भधारणेपासून वार्धक्यापर्यंत: कोणत्या वयात शरीराला काय लागते आणि त्याची तयारी केव्हा करावी

पोषणाचा हिशेब मांडताना एक गोष्ट हमखास निसटते. शरीराची गरज आपल्या नजरेस पडते त्याच्या कितीतरी आधी ती सुरू झालेली असते. ज्या नलिकेपासून गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकल्याची खात्री होऊन पहिली तपासणी होईपर्यंत फॉलिक ॲसिडचे सर्वांत मोठे काम उरकून गेलेले असते. सत्तरीत घसरून पडल्यावर मांडीचे हाड मोडणार की टिकणार, याचा बराचसा निकाल वयाच्या विशीपर्यंत लागलेला असतो. म्हणून पुढे प्रत्येक टप्प्याचा विचार करताना दोन प्रश्न बरोबरीने विचारले आहेत: आत्ता काय कमी पडू शकते, आणि पुढच्या टप्प्यासाठी आत्ताच काय साठवून ठेवायला हवे.

येथे दिलेले आकडे निरोगी व्यक्तींसाठीचे आणि सरासरी आहेत. वेगवेगळ्या देशांच्या आहारतक्त्यांत थोडाफार फरक आढळतो, त्यामुळे ते दिशा दाखवण्यापुरते धरावेत. मधुमेह, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे विकार, थायरॉइडचे दुखणे किंवा कायमची औषधे असतील, तर आकडा डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावा.

सुरुवातीला: दोन मोजमापे

पहिले मोजमाप प्रथिनांचे. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञगटाने २००७ साली सांगितले. ६० किलो वजनाच्या माणसासाठी हे सुमारे ५० ग्रॅम होतात. अंदाज यावा म्हणून सांगायचे तर २५० मिलिलिटर दुधात साधारण ८ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम घट्ट शिजवलेल्या मसुरीत ९ ग्रॅम प्रथिने असतात.

दुसरे मोजमाप अन्नाच्या कसाचे, म्हणजे एका घासात ऊर्जेबरोबर किती प्रथिने, लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे पोटात जातात याचे. तरुण, अंगमेहनत करणाऱ्या माणसाचे पोट मोठे आणि भूक भरपूर असते, त्यामुळे थोडे निकस अन्न खाल्ले तरी एकूण बेरीज जुळून जाते. एक वर्षाच्या बाळाला आणि ऐंशी वर्षांच्या आजींना ही सवलत नाही. आयुष्याच्या दोन्ही टोकांना पोटात मावते थोडे आणि गरज मात्र घट्ट असते, आणि या लेखातील निम्म्या सूचना याच एका अडचणीतून निघालेल्या आहेत.

पहिली पायरी: गर्भधारणेच्या आधीचे तीन महिने

मूल हवे असा विचार सुरू झाला की त्याच दिवसापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी आणि गर्भधारणेच्या बाराव्या आठवड्यापर्यंत ती चालू ठेवावी. पालेभाज्या आणि कडधान्यांतून फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचे नैसर्गिक रूप, मिळते हे खरे, पण ते शिजवताना बरेच नष्ट होते आणि गोळीतील रूपापेक्षा कमी शोषले जाते, त्यामुळे या काळात केवळ जेवणावर विसंबू नये. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत, ज्या स्त्रियांच्या आधीच्या बाळात ही मज्जारज्जूची नलिका नीट न मिटण्याचा दोष होता त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटले. ही मोठी मात्रा मात्र अशा पूर्वेतिहासासाठी किंवा अपस्माराच्या काही औषधांसारख्या विशेष कारणांसाठीच असते आणि ती डॉक्टरांनीच लिहून द्यावी लागते.

याच काळात तीन तपासण्या करून घेतल्या तर पुढची धावपळ वाचते: हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि, आहारात प्राणिज पदार्थ नसतील किंवा अगदी थोडे असतील तर, ब-१२ जीवनसत्त्व. हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजावा आणि तो गर्भधारणेच्या आधीच भरून काढावा, कारण नंतर तीच तूट भरणे फार जिकिरीचे होते. वजन फार कमी किंवा फार जास्त असेल तर त्यातील थोडी दुरुस्तीही याच काळात करावी. गरोदरपणात वजन उतरवण्याचा प्रयत्न करू नये.

दुसरी पायरी: गरोदरपण

आता दोघांचे जेवायचे, हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण हिशेबात तो बसत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जादा ऊर्जेची गरज जवळपास नसते. दुसऱ्या तिमाहीत रोज सुमारे ३४० आणि तिसऱ्या तिमाहीत सुमारे ४५० किलोकॅलरी जास्त लागतात. ३४० किलोकॅलरी म्हणजे एक पेला साईसकट दूध, एक मध्यम केळे आणि अर्धी मूठ शेंगदाणे. एवढेच. ऊर्जा अशी थोडी वाढते, पण लोहाची गरज मात्र दीडपट होते, आयोडीनची रोजची गरज १५० वरून २५० मायक्रोग्रॅमवर जाते आणि प्रथिनेही वाढवावी लागतात. म्हणून पानात वाढणारा प्रत्येक जादा घास कसदार असावा; गोड आणि तळलेल्या पदार्थांनी ती जागा भरली तर वजन वाढते आणि तूट जशीच्या तशी राहते.

वजन किती वाढावे हे आधीच्या वजनावर अवलंबून असते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली दिलेल्या आणि आजही वापरात असलेल्या मर्यादांनुसार बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) १८.५ पेक्षा कमी असलेल्या स्त्रीचे वजन साधारण १२.५ ते १८ किलो, १८.५ ते २४.९ असलेल्या स्त्रीचे ११.५ ते १६ किलो, २५ ते २९.९ असलेल्या स्त्रीचे ७ ते ११.५ किलो आणि त्याहून जास्त असल्यास ५ ते ९ किलो वाढावे. जुळ्या गर्भासाठी मर्यादा वेगळ्या आहेत.

लोहाविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण सर्वांत जास्त घोटाळे येथेच होतात. गरोदरपणात रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, वार आणि बाळ आपला वाटा घेतात, आणि नऊ महिन्यांत मिळून सुमारे १००० मिलिग्रॅम जादा लोह लागते. एवढे लोह केवळ अन्नातून मिळवणे बहुतेकींना शक्य होत नाही, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सर्व गरोदर स्त्रियांना रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड देण्याची शिफारस करते. गोळी सुरू असूनही हिमोग्लोबिन ११ च्या खालीच राहत असेल, तर मात्रा वाढवण्याआधी ती घेतली कशी जाते हे पाहावे. गोळी दुधाबरोबर, चहा-कॉफीबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली की लोहाचे शोषण घटते; लिंबू, संत्रे, पेरू अशा क जीवनसत्त्वाच्या फळाबरोबर घेतली की वाढते. मळमळ होत असेल तर गोळी रात्री झोपताना घ्यावी. शौचाचा रंग काळपट होणे अपेक्षितच आहे, त्याला घाबरून गोळी बंद करू नये. बद्धकोष्ठ झाल्यास पाणी व तंतुमय पदार्थ वाढवावेत आणि तरीही त्रास राहिला तर लोहाचा दुसरा क्षार मागून घ्यावा.

कॅल्शियमची रोजची गरज १००० मिलिग्रॅमच राहते, कारण या काळात आईचे आतडे एरवीपेक्षा जवळपास दुप्पट कॅल्शियम शोषून घेते. मात्र ज्या समाजांत एकूण आहारातच कॅल्शियम कमी असते, तेथे गर्भावस्थेतील रक्तदाबाचा धोका कमी करण्यासाठी १.५ ते २ ग्रॅम कॅल्शियम गोळ्यांतून देण्याची शिफारस आहे. कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्यांत काही तासांचे अंतर ठेवावे.

टाळण्याच्या गोष्टी मोजक्याच आहेत, पण त्या नक्की टाळाव्यात. मद्याची सुरक्षित मात्रा नाही. कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. कच्चे किंवा निर्जंतुक न केलेले दूध, कच्ची अंडी व अर्धवट शिजलेले मांस यांतून लिस्टेरिया, साल्मोनेला यांसारखे संसर्ग होतात. शार्क, तलवारमासा अशा मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त असतो. लहान मासे मात्र उत्तम. प्राण्यांचे यकृत आणि अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या गर्भाला अपायकारक ठरू शकतात. यापलीकडे फळाफळांवर घातल्या जाणाऱ्या बंदीच्या लांबलचक याद्यांमुळे गरोदर बाईचे ताट उगाचच रिकामे होते.

तिसरी पायरी: जन्म आणि पहिले सहा महिने

पुढच्या टप्प्याची पहिली साठवण जन्माच्या क्षणीच होते. नाळ लगेच न कापता किमान एक मिनिट थांबले तर वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि पुढील काही महिन्यांसाठी त्याचा लोहाचा साठा वाढतो. प्रसूतीआधीच याविषयी डॉक्टरांशी बोलून ठेवावे.

जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. पहिल्या दिवसांतला पिवळसर चीक थोडा असला तरी तो काढून टाकू नये. त्या बाळाच्या जठराची क्षमताही तेवढीच असते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध द्यावे. पाणी, मध, साखरपाणी यांतले काहीही नको, उन्हाळ्यातही नको. अपवाद दोन: जन्मतः दिले जाणारे के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फारच थोडे असते, हे त्यामागचे कारण.

दूध पुरते की नाही ही शंका जवळपास प्रत्येक आईला येते. रडणे हा त्याचा भरवशाचा निकष नाही. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा अधिक वेळा भरपूर लघवी होते, दोन आठवड्यांत बाळ जन्मवजनावर परत येते आणि पाच महिन्यांच्या सुमारास वजन दुप्पट होते, एवढे जुळत असेल तर दूध पुरते आहे.

काही कारणाने डब्याचे दूध द्यावे लागले तर चमचा आणि पाण्याचे प्रमाण डब्यावर लिहिले आहे तेच ठेवावे. पातळ केलेल्या दुधाने बाळ कुपोषित होते आणि घट्ट केलेल्या दुधाने त्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. पावडर पूर्णपणे निर्जंतुक नसते, म्हणून ती ७० अंश सेल्सियसपेक्षा कमी नसलेल्या पाण्यात कालवून, मग थंड करून पाजावी.

दूध पाजणाऱ्या आईची गरज गरोदरपणापेक्षाही जास्त असते. दिवसाला सुमारे ७५० मिलिलिटर दूध तयार करण्यासाठी साधारण ५०० किलोकॅलरी जादा लागतात, त्यांपैकी काही गरोदरपणात साठलेल्या चरबीतून येतात. तिच्या खाण्यावर दुधातील कॅल्शियमचे प्रमाण ठरत नाही. ते गरज पडल्यास तिच्या हाडांतून घेतले जाते आणि दूध तुटल्यावर हाडे पुन्हा भरतात. परंतु ब-१२, आयोडीन आणि अ जीवनसत्त्व आईकडे नसेल तर दुधातही उतरत नाही. केवळ वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या आईने ब-१२ ची गोळी टाळली, तर बाळाच्या मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. या सूचनेत सवलत नाही.

चौथी पायरी: सहा महिन्यांपासून दोन वर्षे, जेथे चमचा महत्त्वाचा

सहाव्या महिन्याच्या सुमारास जन्मतः मिळालेला लोहसाठा संपत येतो आणि दुधातील लोह गरजेला पुरत नाही. सात ते बारा महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागते, असे अमेरिकी तक्ते सांगतात. प्रौढ पुरुषाला लागते ८. आठ किलोच्या जिवाला सत्तर किलोच्या माणसापेक्षा जास्त लोह हवे, हा आकडा एकदा नीट मनात बसला की पहिले अन्न कोणते असावे हे वेगळे सांगावे लागत नाही. डाळी, अंडे, मऊ शिजवून कुस्करलेले मांस किंवा मासे, लोहयुक्त केलेली धान्ये हे पदार्थ पहिल्या काही आठवड्यांतच यायला हवेत. फळांचा गर आणि भाताचे पाणी यांवर महिने काढू नयेत.

आता चमच्याची परीक्षा. शिजवलेली खिमट चमच्यात घेऊन चमचा तिरपा करावा. ती पाण्यासारखी ओघळली तर तिच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम ४० किलोकॅलरी असतील. चमच्याला धरून राहून हळूच घसरली तर ती योग्य घट्ट आहे. त्याच १०० ग्रॅममध्ये एक लहान चमचा तेल किंवा तूप कालवले तर आणखी सुमारे ४० किलोकॅलरींची भर पडते, म्हणजे पातळ खिमटीची ऊर्जा एका चमच्यात दुप्पट होते आणि आकारमान तेवढेच राहते. बाळाच्या जठरात वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅमच मावते, हे लक्षात घेतले तर या एका चमच्याची किंमत कळते.

अंगावरचे दूध चालू असताना वरच्या अन्नातून सहा ते आठ महिन्यांत रोज सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षात ५५० किलोकॅलरी याव्यात. त्यासाठी आरंभी दिवसातून दोन-तीन वेळा आणि नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा भरवावे, मध्ये एखादा हलका खाऊ द्यावा. पोत बदलत न्यावा: आधी कुस्करलेले, आठ महिन्यांच्या सुमारास हातात धरता येईल असे मऊ तुकडे, वर्षाच्या सुमारास घरच्यांबरोबरचे, पण मीठ-तिखट न घातलेले अन्न. सगळे मिक्सरमधून काढून देण्याची सवय लांबली तर मूल पुढे चावायला कुरकुरते.

शेंगदाणे, अंडी यांसारखे ॲलर्जी करणारे पदार्थ उशिरा द्यावेत हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लीप या अभ्यासात, इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना लहानपणीच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिल्यावर पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. अशा जोखमीच्या बाळांसाठी सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावी, आणि शेंगदाणा नेहमी कूट किंवा मऊ लगदा करूनच द्यावा. अख्खे दाणे, द्राक्षे, कच्च्या गाजराचे तुकडे घशात अडकतात. मध वर्ष पूर्ण होईपर्यंत देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. साखर आणि वरचे मीठही नको.

आजारपणात अन्न बंद करण्याची चूक फार महाग पडते. जुलाब किंवा ताप असताना थोडे थोडे, वारंवार भरवावे आणि बरे झाल्यावर दोनेक आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे.

पाचवी पायरी: दोन ते दहा वर्षे

पहिल्या वर्षी सहा-सात किलो वाढलेले मूल दुसऱ्या वर्षी दोन-अडीच किलोच वाढते. भूक त्याच प्रमाणात घटते आणि घरात काळजीचे वातावरण पसरते. मूल जेवत नाही म्हणून मग दुधाच्या बाटल्या वाढतात, आणि तेथेच खरी अडचण सुरू होते: दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा बरेच जास्त दूध पिणाऱ्या मुलाचे पोट दुधाने भरते, दुधात लोह जवळपास नसते, आणि गुटगुटीत दिसणारे मूल रक्तक्षयी निघते. दूध दिवसाला दोन पेल्यांवर आणावे आणि जेवणाआधीच्या तासात देऊ नये.

काय, केव्हा आणि कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे हे मुलावर सोडावे. नवा पदार्थ आवडायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, तेव्हा दोनदा नाकारला म्हणून तो यादीतून काढू नये. वाढीच्या तक्त्यावर एका दिवसाच्या बिंदूपेक्षा रेषेची दिशा पाहावी. रेषा सपाट झाली किंवा खाली वळली तर तपासणी करावी. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण आहे आणि त्याला लगेच उपचार लागतात.

शाळकरी वयात फारसे नवे काही घडत नाही. न्याहारी, खेळ, झोप आणि गोड पेयांवर लगाम एवढे सांभाळले की पुरे.

सहावी पायरी: दहा ते एकोणीस, हाडांची मुदतठेव

मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, आणि मुलींत अठराव्या व मुलांत विसाव्या वर्षापर्यंत आयुष्यभरातील कमाल हाडवस्तुमानाचा सुमारे ९० टक्के भाग जमा झालेला असतो. ही ठेव नंतर मोडता येते, पण तिच्यात फारशी भर घालता येत नाही. म्हणून या वयात कॅल्शियमची गरज आयुष्यातील सर्वाधिक, रोज १३०० मिलिग्रॅम धरली जाते. एका पेल्यातील दुधातून सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळते, तेव्हा दूध-दही मिळून तीन वेळा आणि बाकीचे तीळ, कडधान्ये, हिरव्या भाज्या, काट्यासकट खाता येणारे लहान मासे यांतून जुळवावे. पालकाच्या भाजीवर मात्र फार भिस्त ठेवू नये. तिच्यात कॅल्शियम भरपूर असले तरी ऑक्झलेट या कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे त्यातले जेमतेम ५ टक्के शोषले जाते, दुधातले सुमारे ३० टक्के. उड्या, धावणे, मैदानी खेळ यांचा ताण हाडांवर पडल्याशिवाय हे कॅल्शियम नीट वापरलेही जात नाही.

मुलींना पाळी सुरू झाली की लोहाची गरज वाढते आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे ती पुरुषांच्या जवळपास दुप्पट राहते. जेथे रक्तक्षयाचे प्रमाण जास्त आहे तेथे जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून एकदा ६० मिलिग्रॅम लोह आणि २.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड सुचवते. पहिल्या पायरीवर सांगितलेली गर्भधारणेपूर्वीची तूट खरे तर येथेच रोखता येते. मुलगी सतत थकते, अभ्यासात लक्ष लागत नाही, माती-खडू-बर्फ खावासा वाटतो, अशा तक्रारींना आळस समजण्याआधी रक्त तपासावे.

या वयातील डाएटकडे घरच्यांनी डोळे उघडे ठेवून पाहावे. जेवण चुकवणे, एकटीने खाणे, वजनाचा सतत ध्यास आणि बंद झालेली पाळी ही चिन्हे एकत्र दिसली तर तो खाण्याचा मानसिक आजार असू शकतो. तेथे उपदेशाचा उपयोग नाही, तज्ज्ञ लागतो. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांनी प्रथिनांच्या डब्यांवर पैसे घालण्याआधी दूध, अंडी आणि डाळी मोजून पाहाव्यात. बहुतेकांची गरज तेथेच भागते.

सातवी पायरी: वीस ते साठ

या दीर्घ टप्प्यात धोका उलट्या बाजूने येतो. वाढ थांबलेली असते, हालचाल घटत जाते आणि भूक मात्र जुन्याच सवयीने चालते. मर्यादा थोडक्यात अशा: मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक लहान चमचा, आणि त्यात लोणची, पाकिटातले पदार्थ सगळे धरून, फळे आणि भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम, तंतुमय पदार्थ २५ ग्रॅम, वरची साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्या. २००० किलोकॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम साखर होते, आणि शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम असते.

स्त्रियांना रजोनिवृत्तीपर्यंत रोज सुमारे १८ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषांना ८. पुरुषांनी कारणाशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. प्रौढ पुरुषात किंवा रजोनिवृत्तीनंतर स्त्रीमध्ये रक्तक्षय आढळला तर आतड्यांतून रक्त जात नाही ना, हे आधी शोधावे लागते. रजोनिवृत्तीनंतर लोहाची गरज पुरुषांइतकी उतरते, पण इस्ट्रोजेन घटल्यामुळे पहिल्या काही वर्षांत हाडे वेगाने झिजतात, म्हणून कॅल्शियम १२०० मिलिग्रॅमपर्यंत वाढवावे. गोळी लागलीच तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, कारण मात्रा वाढली की शोषणाचे प्रमाण घटते.

आठवी पायरी: साठीनंतर

वय झाले, आता हलके खावे, असे ज्येष्ठ मंडळी स्वतःच ठरवतात आणि ताटातून नेमक्या डाळी, अंडी, दूध या वस्तू काढतात. ऊर्जेची गरज कमी होते हे बरोबर आहे. प्रथिनांची मात्र वाढते, कारण म्हातारपणी स्नायू प्रथिनांना पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत. यूरोपातील तज्ज्ञगटांनी २०१३ आणि २०१४ साली ज्येष्ठांसाठी दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली. ५५ किलोच्या व्यक्तीसाठी ही ५५ ते ६६ ग्रॅम होतात. ती एका जेवणात ढीग करून घेण्यापेक्षा तिन्ही वेळांत वाटून घ्यावीत: सकाळी दूध आणि दोन अंडी मिळून २० ग्रॅम, दुपारी दीडशे ग्रॅम घट्ट डाळ, दही आणि धान्य मिळून तेवढीच, रात्रीही तशीच. न्याहारीला नुसता चहा आणि बिस्किटे असतील तर दिवसाचा एक तृतीयांश भाग तेथेच बुडतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा हिशेब डॉक्टरांना विचारूनच करावा. आणि खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, हलकी वजने उचलणे अशा व्यायामाची जोड नसेल तर प्रथिने एकटी स्नायू टिकवू शकत नाहीत.

ब-१२ ची तूट या वयात मांसाहार करणाऱ्यांनाही होते. अन्नातील ब-१२ सुटे व्हायला जठरातील आम्ल लागते आणि ५० वर्षांवरील १० ते ३० टक्के लोकांत ते पुरेसे नसते. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध आणि आम्लपित्तावरच्या दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्या त्यात भर घालतात. पायांना मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा याला म्हातारपण म्हणून सोडून देण्याआधी एकदा ब-१२ तपासावे. गोळीतील ब-१२ ला आम्लाची गरज नसते, त्यामुळे ते शोषले जाते. ड जीवनसत्त्वाची गरज सत्तरीनंतर ८०० युनिट होते, कारण त्वचा उन्हात ते पूर्वीइतके तयार करत नाही.

तहान मंदावते, म्हणून पाणी तहानेवर सोडू नये; प्रत्येक जेवणाबरोबर आणि औषधाबरोबर पेला ठरवून द्यावा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याची मर्यादा सांगितलेली असेल तर ती पाळावी. पथ्ये जुळवतानाही तारतम्य लागते: ऐंशीच्या माणसाला मीठ, साखर, तेल, तूप सगळेच बंद केले की अन्न बेचव होते, खाणे निम्म्यावर येते आणि पथ्यापेक्षा उपासमारीचेच नुकसान मोठे ठरते.

औषधे आणि अन्न यांचे वेळापत्रक लिहून फ्रिजवर लावावे. थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या बंद कराव्यात असे नाही, पण रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे, नाहीतर रक्त पातळ राहण्याचा मेळ बिघडतो.

महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करून तारखेसह नोंदवावे. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्के वजन उतरले, म्हणजे ६० किलोतून ३ किलो गेले, तर डॉक्टरांकडे जावे. तत्पूर्वी तोंड पाहावे: सैल कवळी, दुखरा दात, कोरडे तोंड. गिळताना ठसका लागत असेल, जेवताना आवाज घोगरा होत असेल किंवा छातीचा संसर्ग वारंवार होत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. अशा व्यक्तीला ताठ बसवून, लहान घासांनी भरवावे, जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये, आणि द्रव किती घट्ट करायचे हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे.